वजनाचा हिशेब : जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं इंजिन

१९६७ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीसी नावाची गाडी बाहेर पडली. बॉडी जवळजवळ सगळी एमजीबीची, म्हणजे १९६२ पासून जगभर खपत असलेल्या लाडक्या दोन आसनी गाडीची. फरक बॉनेटखाली होता. एमजीबीचं इंजिन चार सिलिंडरचं, १,७९८ सीसीचं, साधारण ९५ अश्वशक्तीचं. एमजीसीत त्या जागी सहा सिलिंडरचं २,९१२ सीसीचं इंजिन बसवलं आणि ताकद १४५ अश्वशक्तीवर नेली. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट पळत होती. पण वळण आलं की तिचं नाक वळायला तयार नसे. स्टिअरिंग फिरवावं तितकी ती आत येत नसे, बाहेरच्या बाजूला ओढत राही. मोटारविषयक नियतकालिकांनी तिच्यावर सडकून टीका केली. १९६९ मध्ये, जेमतेम नऊ हजार गाड्या झाल्यावर, तिचं उत्पादन थांबलं.

कारण साधं होतं. ते सहा सिलिंडरचं इंजिन बीडाचं, लांबलचक आणि जुन्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलो जड होतं. हे सगळं जादा वजन गाडीच्या नाकात आलं. इंजिन मावत नव्हतं म्हणून पुढचं सस्पेन्शनही बदलावं लागलं. कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार आले आणि बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. पुढे अनेक हौशी मालकांनी योग्य टायर, टायरमधली योग्य हवा आणि थोडं सस्पेन्शनचं काम एवढ्यावर या गाडीला बरंच वळण लावलं. म्हणजे ती अगदी टाकाऊ नव्हती. पण कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा तोल बिघडलेला होता, हे खरं.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग. ऑगस्ट १९७३ मध्ये त्याच कारखान्यानं त्याच बॉडीत आठ सिलिंडरचं, ३,५२८ सीसीचं इंजिन घालून एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. क्षमता मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. सहा सिलिंडरनं बिघडलेली गाडी आठ सिलिंडरनं आणखी बिघडायला हवी होती. तसं झालं नाही. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळणारी ही गाडी वळणावर साध्या एमजीबीसारखीच वागत होती, कारण हे व्ही-८ इंजिन ॲल्युमिनियमचं होतं आणि त्याचं वजन बीडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच होतं.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं इंजिन बसवण्याबद्दल जे काही शिकायचं, त्याचा गाभा या दोन गाड्यांत आहे. या उद्योगात ताकद मिळवणं सगळ्यांत सोपं. बाजारात पैसे मोजले की शेकडो अश्वशक्ती मिळते. अवघड असतं ते गाडीची मूळ चाल शाबूत ठेवणं. आणि चाल ठरवतं वजन : ते किती आहे आणि ते कुठे बसलं आहे.

ॲल्युमिनियमच्या या इंजिनाचा जन्म इंग्लंडमधला नाही. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं आपल्या छोट्या गाड्यांसाठी, म्हणजे ब्यूक स्पेशल आणि ओल्ड्समोबिल एफ-८५ वगैरेंसाठी, २१५ घनइंचांचं हे इंजिन काढलं. त्या काळाच्या मानानं ते फार पुढचं होतं. पण ॲल्युमिनियमचं ओतकाम महाग पडत होतं, बरेच ब्लॉक ओतताना सदोष निघत होते. शिवाय रेडिएटरमध्ये घालायची तेव्हाची रसायनं ॲल्युमिनियमला मानवत नव्हती. तेवढ्यात पातळ भिंतींचं बीड ओतण्याचं तंत्र सुधारलं, आणि १९६३ मध्ये कंपनीनं हे इंजिन बंद केलं. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, बॉनेट लांबरुंद. वजनाची काळजी तिथे कोणाला नव्हती.

रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीत गेले असताना त्यांना हे इंजिन दिसलं. आपल्या गाड्यांत ते बसेल हे त्यांनी ओळखलं आणि १९६५ साली रोव्हरनं त्याचे हक्क मिळवले. पुढे रोव्हरच्या मोठ्या गाड्या, १९६८ ची मॉर्गन प्लस ८, १९७० ची रेंज रोव्हर अशा कितीतरी गाड्यांत ते धडधडत राहिलं. ओल्ड्समोबिलच्या याच ब्लॉकवर ऑस्ट्रेलियातल्या रेप्को कंपनीनं शर्यतीचं इंजिन उभारलं आणि जॅक ब्रॅबहॅमनं ते वापरून १९६६ चं फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मिळवलं. ज्या घराण्यानं नाकारलं त्या घराबाहेर एखाद्या इंजिनानं इतकं यश मिळवल्याची उदाहरणं फार नाहीत.

एमजीबीत ते घालण्याची कल्पनाही कारखान्याची नव्हे. शर्यतींत गाड्या चालवणारा आणि स्वतः गाड्यांवर काम करणारा केन कॉस्टेलो यानं १९७० च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि तशा गाड्या विकायलाही लागला. कार्ब्युरेटरना जागा हवी म्हणून त्याच्या गाड्यांच्या बॉनेटला फुगवटा असे. एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडनं त्याची गाडी मागवून पाहिली आणि मग आपल्या कारखान्यात स्वतःची तयार केली. श्रेय कॉस्टेलोचं आहे. एका माणसानं आपल्या गॅरेजमध्ये जे करून दाखवलं, ते एवढ्या मोठ्या कंपनीला आधी सुचलं नव्हतं.

कारखान्याला मात्र एक गोष्ट करता आली, जी बहुतेक गॅरेजांना परवडत नाही. त्यांनी इंजिनाबरोबर आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींचा विचार केला. कार्ब्युरेटर मागच्या बाजूला, इंजिन आणि डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या मध्ये, नव्या आकाराच्या मॅनिफोल्डवर बसवले आणि बॉनेट मूळचंच ठेवलं. रेडिएटर पुढे सरकवला आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याऐवजी तापमानानुसार सुरू-बंद होणारे दोन विजेचे पंखे लावले. ऑइल फिल्टर इंजिनापासून काढून दुसरीकडे नेला. ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, कॅलिपर मोठे केले, मागच्या पाट्या कडक केल्या. चाकंही नवी घेतली.

यातला सर्वांत शहाणा बदल कोणाच्या नजरेला पडत नाही, कारण तो मागच्या ॲक्सलच्या पोटात आहे. साध्या एमजीबीत डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९०९ असतं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो. लहान इंजिनाची ओढण्याची शक्ती कमी म्हणून त्याला जास्त फेरे घ्यायला लावायचे, असा हा हिशेब. चार सिलिंडर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर, सुमारे १४९ न्यूटन-मीटर. व्ही-८ चा सुमारे २६२. एवढा जोर असताना तितके फेरे घेण्याची गरजच नाही. म्हणून कारखान्यानं गुणोत्तर ३.०७ वर आणलं. आता गुणाकार करून पाहा. टॉप गिअरमध्ये जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर १४९ गुणिले ३.९०९, म्हणजे सुमारे ५८० न्यूटन-मीटर जोर येत होता. नव्या गाडीत २६२ गुणिले ३.०७, म्हणजे सुमारे ८०० येतो. जोर ३८ टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २१ टक्क्यांनी उतरले. गाडी अधिक जोरात ओढते आणि हमरस्त्यावर आवाज कमी करते, दोन्ही एकाच वेळी. इंजिन बदलून डिफरन्शियल जुनंच ठेवणारे हा अर्धा लाभ हातचा घालवतात.

गिअरबॉक्सच्या बाबतीत कारखान्याचीही ओढाताण झाली. सुरुवातीच्या व्ही-८ गाड्यांत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी, तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरला होता. एवढा टॉर्क तिसऱ्या गिअरमधून तसा पाठवणं गिअरबॉक्सला झेपेना, म्हणून पुढे तो चौथ्यापुरताच ठेवला. इंजिनाचा जोर वाढला की तो वाटेतल्या सर्वांत कमजोर भागाला जाऊन भिडतो. तो भाग मजबूत केला की पुढचा कमजोर भाग उघडा पडतो. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), डिफरन्शियल, हाफ शाफ्ट असा हा क्रम चाकापर्यंत जातो. म्हणून इंजिनाच्या किमतीला बदलाचा खर्च समजणारा माणूस निम्म्या वाटेवर अडकतो. पत्रा कापलेली, इंजिन अर्धवट लटकलेली आणि वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी जगातल्या कुठल्याही देशात बघायला मिळते. हे पाहून वाईट वाटतं, कारण ती गाडी बहुधा बदलापूर्वी व्यवस्थित चालत होती.

व्ही-८ च्या नशिबानं दगा दिला तो बाजारात. ऑगस्टमध्ये गाडी आली आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट उसळलं. पेट्रोलच्या किमती चढल्या, मोठ्या इंजिनांकडे ग्राहक संशयानं पाहू लागले. १९७६ पर्यंत एकूण २,५९१ गाड्या झाल्या आणि काम थांबलं. यंत्र म्हणून मात्र ती अपयशी नव्हती, आणि याचा पुरावा असा की त्यानंतरच्या काळात हौशी लोकांनी हेच इंजिन घालून घरोघरी एमजीबी बदलल्या. १९९० च्या दशकात कंपनीलाही ही जोडी पुन्हा आठवली. ३.९ लिटरचं, १९० अश्वशक्तीचं व्ही-८ घालून तिनं एमजी आरव्ही८ काढली. जेमतेम दोन हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपाननं घेतल्या. या गाडीत एक गोष्ट हौशी कारागिरांनी उचलण्यासारखी होती : एक्झॉस्टचे पाइप इंजिन आणि बॉडी यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून खाली न नेता मडगार्डच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून बाहेरून नेले होते. त्यामुळे इंजिनाजवळची जागा मोकळी झाली आणि उष्णताही निघून जाऊ लागली.

जागेचा प्रश्न वजनाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण सनबीम टायगर. रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही १.६ लिटर इंजिनाची छोटी देखणी गाडी. १९६४ मध्ये तिच्यात फोर्डचं २६० घनइंचांचं व्ही-८ बसवून टायगर काढली. जागा इतकी कमी की मूळचं स्टिअरिंग काढून रॅक-अँड-पिनियन बसवावं लागलं. आठव्या सिलिंडरचा स्पार्क प्लग बॉनेट उघडून हाती लागेना, म्हणून पायाखालच्या गालिच्याजवळ पत्र्याला भोक ठेवून तो गाडीच्या आतून काढण्याची सोय केली. आणि रंगवून तयार झालेल्या बॉडीचा, इंजिन आणि आसनं यांच्यामधला पत्रा इंजिन आत सरकावं म्हणून कारखान्यातच घणानं ठोकून मागे दाबत. पुढे रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. आपल्या गाडीत प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन असणं त्यांना अर्थातच नको होतं. स्वतःचं व्ही-८ होतंच. पण फोर्डचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता आणि क्रायस्लरचा मागच्या टोकाला, नेमका त्या ठोकून मागे दाबलेल्या पत्र्याजवळ. तो तिथे मावेना. १९६७ मध्ये टायगर बंद पडली. वितभर लांबीच्या एका भागापुढे एका मोठ्या कंपनीला हात टेकावे लागले.

म्हणूनच अनुभवी कारागीर इंजिन विकत घेण्याआधी टेप घेऊन बसतात. लांबी-रुंदी-उंचीवर भागत नाही. ऑइलचा संप पुढे आहे की मागे, कारण गाडीचा आडवा क्रॉसमेंबर त्याच्याखालून जातो. स्टिअरिंगचा दांडा कोणत्या बाजूनं उतरतो. स्टार्टर कुठे बसतो, ऑइल फिल्टर काढायला हात जातो का, बॉनेट बंद केल्यावर एअर फिल्टर टेकतो का. काही जण सुटे भाग काढलेला रिकामा ब्लॉक चेनपुलीला टांगून तो दहा वेळा आत-बाहेर करून पाहतात. इंजिन शक्य तितकं मागे आणि खाली बसवावं, असा दंडक आहे. पुढच्या ॲक्सलच्या रेषेमागे सरकलेला प्रत्येक किलो गाडीला वळायला मदत करतो.

मागे सरकवताना एक कोन मात्र सांभाळावा लागतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस थोड्या कोनात फिरतात, आणि तिरका क्रॉस फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका टोकाची चूक दुसरं टोक भरून काढतं. नसले तर विशिष्ट वेगाला सगळी गाडी थरथरते. मग मालक चाकं बॅलन्स करून घेतो, टायर बदलतो, फाउंडेशनची रबरं बदलतो, आणि थरथर काही जात नाही. तिचं मूळ इंजिन बसवतानाच्या दोन-तीन अंशांच्या चुकीत असतं.

अमेरिकेत हेच सगळं जास्त मोठ्या प्रमाणावर आणि जास्त धसमुसळेपणानं झालं. माजी शर्यतपटू कॅरोल शेल्बीनं १९६१ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीला पत्र लिहिलं. त्यांच्या एस या हलक्या गाडीला लागणारं ब्रिस्टल इंजिन बंद होत होतं. शेल्बीनं तिच्यात फोर्डचं व्ही-८ बसवायचं ठरवलं, आणि १९६२ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये काही तासांत ते बसलंही. हीच पहिली शेल्बी कोब्रा, आणि तिला २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर आले. पण लोक सांगतात तेवढी ही गोष्ट सोपी नाही. एसी कंपनीनं त्याआधीच चासी मजबूत केली होती आणि मागे दणकट डिफरन्शियल दिलं होतं. ते काही तास त्या तयारीच्या जोरावर मिळाले. १९६५ मध्ये फोर्डचं ४२७ घनइंचांचं राक्षसी इंजिन घालायची वेळ आली तेव्हा तर चासीच नव्यानं आखावी लागली.

आज जगभर अशा बदलांसाठी सर्वाधिक पसंती असलेलं इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचं एलएस घराणं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याचं पहिलं रूप, एलएस१, आलं : ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ अश्वशक्ती. जाणकार म्हणवणारे काही जण त्याला जुनाट म्हणतात, कारण त्याचा कॅमशाफ्ट डोक्यावर नसून ब्लॉकच्या पोटात आहे आणि व्हॉल्व्ह लांब पुशरॉडनी उघडतात. पण हाच त्याचा गुण आहे. बहुतेक आधुनिक व्ही-८ च्या प्रत्येक हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट असतात. त्यामुळे हेड रुंद आणि उंच होतात आणि जुन्या गाडीच्या अरुंद बॉनेटखाली ते जात नाहीत. पुशरॉडचं इंजिन आठ सिलिंडरचं असूनही आटोपशीर राहतं. १९६१ च्या ब्यूकचंही तेच, आणि दोन्ही एकाच कंपनीची.

नव्या इंजिनाबरोबर येणारी खरी डोकेदुखी वायरिंगची आहे. जुन्या एमजीबीत १९६७ पर्यंत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वीज डायनामोतून यायची आणि सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. अशा गाडीला नव्या इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तसाच जोडला तर तो जळून जाईल. सगळी वायरिंग उपसून ऋण टोक बॉडीला आणावं लागतं आणि डायनामोच्या जागी आल्टरनेटर लावावा लागतो. शिवाय हा ईसीयू ज्या गाडीत वाढला, तिथल्या सोबत्यांची वाट बघतो : चावीतली चोरीविरोधी चिप, चाकांचे वेग सांगणारे सेन्सर, धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर, तार नसलेलं इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर. त्यांपैकी कुणी उत्तर दिलं नाही तर तो इंजिन सुरूच होऊ देत नाही, किंवा ताकद आखडून ठेवतो. ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून या अपेक्षा काढून टाकणं हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे.

पेट्रोलच्या दाबाबद्दल मात्र तडजोड चालत नाही, कारण इथे जिवाशी गाठ आहे. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारपेक्षा कमी दाब पुरतो. इंजेक्शनला तीन ते चार बार लागतो. जुन्या नळ्या, जुने रबरी तुकडे आणि साध्या क्लिपा एवढ्या दाबाला टिकत नाहीत. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडाला तर गाडी काही मिनिटांत संपते. नवा पंप, उच्च दाबाच्या नळ्या, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत आडभिंती, हे सगळं करायलाच हवं. उष्णतेचंही असंच. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा धुरातून आणि तिसरा पाण्यावाटे रेडिएटरकडे. ताकद दुप्पट झाली की रेडिएटरनं बाहेर टाकायची उष्णताही त्याच मानानं वाढते. इंग्लंडच्या हवेत निभावलेला रेडिएटर विदर्भातल्या मे महिन्यात निभावणार नाही.

आपल्याकडे हा सगळा प्रकार परका वाटण्याचं कारण नाही. एमजीबीचं ते चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. आपल्या अॅम्बॅसेडरचं १,४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. त्यामुळे ज्यांनी अॅम्बॅसेडरचं इंजिन उतरवून पुन्हा बांधलं आहे, त्या मेकॅनिकना एमजीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं वाटतं. अॅम्बॅसेडरमध्येही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यानं इसुझूचं १.८ लिटर इंजिन घातलं, आणि त्या जुन्या बॉडीत नवा जीव आला. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत पेट्रोलच्या जीपमधलं इंजिन काढून डिझेल टाकण्याचं काम तर वर्षानुवर्षं चाललं. तिथे उद्देश वेग नव्हता, इंधनाचा खर्च वाचवणं होता. पण फाउंडेशन नवं बनवणं, बेल हाउसिंगला लेथवर पट्टी कापून गिअरबॉक्स जुळवणं, शाफ्ट आखूड करणं ही कामं तीच होती. ती करणारे हात तितकेच कुशल होते, याची नोंद कुठल्या पुस्तकात नाही म्हणून इथे करतो.

कायद्याची बाजू मात्र कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतले बदल नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असता कामा नयेत. इंजिनाचा क्रमांक आरसीवर असतो, आणि तो बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. अशा गाड्यांना क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात आणि नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे आपल्याकडे विंटेज म्हणून मान हवा असेल तर दुसरं इंजिन घालण्याचा विचार सोडलेला बरा.

ब्रिटननं बरीच वर्षं या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तिथे बदललेल्या गाडीनं मूळ क्रमांक ठेवायचा तर तिला गुण मिळवावे लागत. चासी किंवा बॉडीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. चौदापैकी किमान ८ लागत, आणि चासी किंवा बॉडी फेरफार न केलेली लागेच. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते. इंजिन बदलणारी वस्तू आहे. गाडीच्या आयुष्यात ते एकदा-दोनदा बदलतंच. बॉडीचं तसं नाही. एमजीबीसारख्या गाडीत वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. तिचा मधला पत्रा एकदा कापला की पूर्वीची गाडी परत मिळत नाही.

बॉडी शाबूत राहिली का, या कसोटीवर पाहिलं तर विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दलचा वादही सुटसुटीत होतो. जुन्या वाहनांच्या फीवा या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१९ मध्ये सांगितलं की विजेवर आणलेली गाडी ऐतिहासिक वाहन ठरत नाही. त्यांच्या व्याख्येनं ते बरोबर आहे. पण २०१७ मध्ये जॅग्वारनं ई-टाइप झीरो दाखवली, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांनी केलेली एक गोष्ट प्रत्येक कारागिरानं लक्षात घ्यावी. बॅटरी आणि मोटर यांचा आकार आणि वजन त्यांनी मूळच्या सहा सिलिंडर इंजिन-गिअरबॉक्सच्या जवळपास ठेवलं आणि ते त्याच जागी बसवलं, म्हणजे सस्पेन्शन आणि ब्रेक फारसे बदलावे लागत नाहीत आणि वाटलं तर मूळ इंजिन परत घालता येतं.

तुमच्या हाती अशी एखादी जुनी गाडी असेल आणि नवं इंजिन घालायचंच ठरलं असेल, तर आधी वजनकाट्यावर जा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचं वजन वेगवेगळं लिहून ठेवा, आणि नवं इंजिन गिअरबॉक्ससकट तोलल्याशिवाय खरेदी करू नका. शक्य तिथे बोल्टनं बसेल तेच करा, कापावं लागेल ते टाळा. आरटीओची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्या. आणि काढलेलं मूळ इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, सगळी तोंडं बंद करा, त्यावरचा क्रमांक वाचता येईल असं झाकून कोरड्या जागी ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा तेही तिच्याबरोबर द्या.